झेंडा अंगणात, वेदीपाशी नाही

मंडळी (आमच्या ख्रिस्ती मराठीत या शब्दाचे दोन अर्थ होतात, आज दोन्ही अर्थांनी), आजचं लिखाण जरा भांडणाचं आहे. नगरच्या आणि पुण्याच्या नातेवाइकांपैकी दोघा-तिघांना ते आवडणार नाही याची कल्पना आहे. पण गेले काही महिने हा विषय डोक्यात घोळतोय, तेव्हा एकदाचं लिहून टाकतो.

इकडे अमेरिकेत कितीतरी प्रॉटेस्टंट चर्चमध्ये पुलपिटच्या दोन्ही बाजूंना दोन झेंडे उभे असतात. एक अमेरिकेचा राष्ट्रध्वज. दुसरा पांढरा, कोपऱ्यात निळा चौकोन आणि त्यात लाल क्रूस. त्याला ‘ख्रिश्चन फ्लॅग’ म्हणतात. उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांसाठी बायबल शाळा भरते. तिथे पुष्कळ ठिकाणी रोज सकाळी तीन प्रतिज्ञा होतात. पहिली देशाच्या झेंड्याला, दुसरी ख्रिस्ती झेंड्याला आणि तिसरी बायबलला. चार-पाच वर्षांची चिमुरडी छातीवर हात ठेवून घडाघडा म्हणतात. आईबाप मोबाइलवर व्हिडिओ घेतात, आणि ते व्हिडिओ व्हॉट्सअॅपवरून आपल्या मराठी ख्रिस्ती ग्रुपवर येतात. खाली लगेच प्रतिक्रिया : "किती छान! आपल्याकडेही सुरू करायला हवं."

माझं म्हणणं असं की सुरू करू नये. आणि जिथे सुरू आहे तिथे बंद करावं.

यावर पहिला प्रश्न ठरलेला असतो : "म्हणजे तुझं देशावर प्रेम नाही का?" आहे. शाळेत रोज ‘भारत माझा देश आहे’ म्हणत मोठा झालो. ती प्रतिज्ञा पैडिमर्री वेंकट सुब्बाराव यांनी 1962 साली मूळ तेलुगूत लिहिली. पुस्तकाच्या पहिल्या पानावरची ती प्रतिज्ञा मला आजही पाठ आहे आणि तिच्याबद्दल काहीही तक्रार नाही. शाळा ही देशाची जागा आहे. तिथे देशाचं नाव घ्यायचं नाही तर कुठे घ्यायचं? माझा प्रश्न जागेचा आहे. जिथे आपण बाप्तिस्मा घेतो, प्रभुभोजनाला गुडघे टेकतो, त्या जागी आणखी कुणाला निष्ठेचं वचन द्यायचं का, एवढाच.

आधी हे झेंडे आणि या प्रतिज्ञा आल्या कुठून ते बघू. लोकांना वाटतं, ही फार जुनी पवित्र परंपरा असणार. तसं काही नाही.

अमेरिकेची प्रतिज्ञा 1892 सालची. लिहिणारा फ्रान्सिस बेलामी हा चक्क बाप्टिस्ट पाळक होता, आणि समाजवादी विचारांचा. ‘यूथ्स कम्पॅनियन’ नावाच्या साप्ताहिकासाठी त्यानं ती लिहिली. कोलंबसाच्या प्रवासाला 400 वर्षं झाली होती, त्या निमित्तानं शाळांमधून म्हणण्यासाठी. हे साप्ताहिक त्या काळात शाळांना झेंडे विकण्याची मोहीम चालवत होतं हेही सांगून ठेवतो. आता गंमत बघा. या पाळकानं लिहिलेल्या प्रतिज्ञेत देवाचं नाव कुठेच नव्हतं! ते 1954 साली घातलं गेलं. शीतयुद्ध ऐन भरात होतं, रशियन कम्युनिस्ट नास्तिक, तेव्हा आपण आस्तिक आहोत हे दाखवायला हवं होतं. संसदेनं कायदा केला आणि अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी सही केली. म्हणजे पाळकानं देवाला बाहेर ठेवलं आणि राजकारण्यांनी आत आणलं. कशासाठी आणलं ते वेगळं सांगायला नको.

ख्रिस्ती झेंड्याची गोष्ट त्याहून साधी. 26 सप्टेंबर 1897, न्यूयॉर्कजवळचं कोनी आयलंड. तिथल्या ब्रायटन चॅपलच्या संडे स्कूलमध्ये त्या दिवशी पाहुणा वक्ता आलाच नाही. सुपरिंटेंडंट चार्ल्स ओव्हर्टन यांना वेळ मारून न्यायची होती. समोर अमेरिकेचा झेंडा होता. त्यावरूनच ते बोलायला लागले, आणि बोलता बोलता म्हणाले की ख्रिस्ती लोकांचाही एक झेंडा असायला काय हरकत आहे? झालं! पुढे 1908 मध्ये लिन हॅरल्ड हफ या मेथॉडिस्ट पाळकानं बेलामीच्याच चालीवर त्या झेंड्याची प्रतिज्ञा लिहिली. तिचा शेवट सगळ्या मानवजातीला सेवेनं आणि प्रेमानं जोडणाऱ्या बंधुत्वावर होता. चांगलाच होता की! पण पुढे काही मंडळींनी तो बदलला, आणि जीवन व स्वातंत्र्य "जे विश्वास ठेवतात त्या सर्वांसाठी" असं केलं. सगळ्या मानवजातीची झाली आपली माणसं. झेंडा हातात आला की असं होतंच, कारण झेंड्याचं कामच मुळी ‘आपण’ आणि ‘ते’ वेगळे दाखवायचं.

आता दोन झेंडे एकाच खोलीत उभे करायचे म्हटल्यावर मान कुणाचा पहिला? याचंही उत्तर अमेरिकेच्या ध्वजसंहितेत आहे. चर्चमध्ये काठीवर राष्ट्रध्वज लावायचा तर तो मानाच्या जागी हवा. पाळक लोकांकडे तोंड करून उभा असताना त्याच्या उजव्या हाताला. दुसरा कुठलाही झेंडा डाव्या हाताला. हा नियम मोडला तर शिक्षा नाही, ती फक्त मार्गदर्शक संहिता आहे. पण आमची चर्चेस ती शब्दशः पाळतात.

म्हणजे प्रभूच्या घरात, प्रभूच्या टेबलाशेजारी, उजवा हात देशाचा आणि डावा हात क्रूसाचा. आपल्या विश्वासांगीकारात उजव्या हाताची जागा कुणाची ते संडे स्कूलचं पोरही सांगेल. मत्तयाच्या सुवार्तेत शेवटच्या दिवशी मेंढरं कुठल्या बाजूला आणि शेरडं कुठल्या बाजूला, तेही आठवा. त्या हिशोबानं आपण क्रूसाला शेरडांत नेऊन बसवलं की! या संहितेत एकच अपवाद आहे. समुद्रावर, नौदलाच्या जहाजावर, नौदलाचा चॅप्लेन उपासना घेत असेल तर तेवढा वेळ चर्चचा छोटा ध्वज राष्ट्रध्वजाच्या वर फडकवता येतो. म्हणजे भर समुद्रात लढाऊ जहाजावर देवाला तासभर वरची जागा मिळते, आणि गावातल्या चर्चमध्ये ती मिळत नाही.

इथे कुणीतरी बायबल उघडणार. "झेंडा तर शास्त्रातच आहे! यहोवा निस्सी!" बरोबर, निर्गमाच्या सतराव्या अध्यायात आहे. पण नीट वाचा. अमालेक्यांशी लढाई संपल्यावर मोशेनं कापड फडकवलं नाही. त्यानं वेदी बांधली आणि त्या वेदीला हे नाव दिलं, परमेश्वर माझा झेंडा. म्हणजे परमेश्वर हाच झेंडा असेल तर दुसरा कशाला हवा? यशयाच्या अकराव्या अध्यायात राष्ट्रांसाठी उभारलेला झेंडा म्हणजेही एक व्यक्ती आहे, इशायाच्या मुळातून आलेली.

खरे निशाणांचे झेंडे हवे असतील तर गणनेचा दुसरा अध्याय काढा. बारा वंश, प्रत्येकानं आपापल्या झेंड्यापाशी तळ द्यायचा अशी आज्ञा आहे. पूर्वेला यहूदा, दक्षिणेला रऊबेन, पश्चिमेला एफ्राईम, उत्तरेला दान. आणि मधोमध दर्शनमंडप. झेंडे मंडपाच्या चारही बाजूंना, थोड्या अंतरावर. आत एकही नाही! आत दीपवृक्ष, भाकरींचं मेज, धूपवेदी, कोश असं सगळं काय-काय असावं याची मापंसुद्धा दिली आहेत. झेंड्याचं नाव नाही. यहूदाचा नाही, लेवीचा नाही. आपापला झेंडा आपापल्या दारात असू दे, पण आत येताना तो बाहेर ठेवून या. मला वाटतं या विषयावर शास्त्रानं याहून स्पष्ट सांगायची गरज नाही.

ज्या लोकांत प्रभू येशू जन्मले त्यांनी हा धडा जिवापाड जपला होता. पिलात सुभेदार म्हणून आला तेव्हा त्यानं सैन्याची कैसराच्या प्रतिमा असलेली निशाणं रातोरात यरुशलेमात आणवली. योसेफस हा इतिहासकार लिहितो की लोक कैसरियाला धावले आणि पाच दिवस तिथे ठाण मांडून बसले. सहाव्या दिवशी पिलातानं त्यांना सैनिकांनी घेरलं. लोकांनी जमिनीवर पडून माना उघड्या केल्या : मारा, पण ती निशाणं काढा. पिलातानं काढली. हातात दगड नाही, तलवार नाही, नुसत्या माना. आणि आपण मात्र ती निशाणं स्वतःच्या हातानं आत आणून, त्यावरची धूळही पुसून ठेवतो.

"अरे पण त्यानं बिघडतं काय? एक कापड आहे. कोपऱ्यात उभं आहे." हा सगळ्यात चिवट मुद्दा, आणि याचं उत्तर इतिहासानं पुन्हापुन्हा दिलेलं आहे.

अमेरिकेतल्या कित्येक चर्चमध्ये हे कापड हौसेनं आलेलं नाही. पहिल्या महायुद्धात जर्मन बोलणाऱ्या लूथरन मंडळ्यांवर लोकांचा संशय होता. आम्ही देशद्रोही नाही हे दाखवायला अनेकांनी झेंडा पुलपिटपाशी आणला. मेनोनाइट लोकांचं तर विचारूच नका. ते शस्त्र धरत नाहीत आणि शपथ घेत नाहीत. 11 नोव्हेंबर 1918, युद्ध संपल्याचा दिवस. कॅन्ससमधल्या बर्टन गावात जमावानं जॉन श्रॅग नावाच्या मेनोनाइट शेतकऱ्याला घरातून ओढून आणलं. झेंडा घेऊन मिरवणुकीत चल म्हणाले, तो तयार होईना. त्याच्या अंगावर पिवळा रंग ओतला. फासावर द्यायचीही तयारी झाली होती, तुरुंगात नेऊन ठेवला म्हणून वाचला. आणि नंतर खटला कुणावर? तर झेंड्याचा अपमान केला म्हणून त्याच्यावरच! तो पुढे फेटाळला गेला. ज्या लोकांनी हे केलं ते रविवारी चर्चमध्ये नव्हते का?

मग 1935. पेनसिल्व्हेनियातल्या मायनर्सव्हिलमध्ये लिलियन आणि विल्यम गोबायटस या 12 आणि 10 वर्षांच्या भावंडांना शाळेतून काढलं, कारण ती झेंड्याला सलामी देईनात. कुटुंब यहोवाच्या साक्षीदारांचं. त्या काळी सलामी हात समोर ताठ करून द्यायचे आणि तिकडे जर्मनीत याच पंथाची माणसं तशाच ताठ हाताला नकार दिला म्हणून छळ सोसत होती. 1940 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं आठ विरुद्ध एक मतानं मुलांच्या विरोधात निकाल दिला. पाठोपाठ देशभर या लोकांवर हल्ले झाले, मेन राज्यातल्या केनेबंकमध्ये त्यांचं सभागृह जाळलं. तीनच वर्षांत, 14 जून 1943 रोजी, बार्नेट खटल्यात त्याच न्यायालयानं आपला निकाल फिरवला : कुणालाही सलामीची आणि प्रतिज्ञेची सक्ती करता येणार नाही. तारीख मुद्दाम दिली. तो अमेरिकेचा ध्वजदिन असतो.

साक्षीदारांची शिकवण मला पटत नाही. पण आपण मोठ्या पंथांची माणसं सलामी ठोकत उभे असताना पहिल्या आज्ञेसाठी शाळेबाहेर उभी राहिली ती त्यांची पोरं, हे कबूल करावंच लागेल.

आपल्याकडेही हेच घडलं. 1985 मध्ये केरळात याच पंथाच्या तीन भावंडांना शाळेतून काढलं. ती राष्ट्रगीताला अदबीनं उभी राहत, फक्त गात नसत. 11 ऑगस्ट 1986 रोजी सर्वोच्च न्यायालयानं मुलांच्या बाजूनं निकाल दिला. बिजो इमॅन्युएल खटला म्हणून तो प्रसिद्ध आहे, न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डींनी लिहिलेला. त्यात अमेरिकेतल्या या खटल्यांचाही विचार केलेला आहे. उभं राहणं हा आदर झाला, गायलाच हवं असं नाही, असं आपल्या न्यायालयाला कळलं. आपल्या संडे स्कूलला कळायला काय अडचण आहे?

आणि जर्मनी. 1933 नंतर ‘जर्मन ख्रिस्ती’ म्हणवणाऱ्या गटानं स्वस्तिकाचे झेंडे थेट वेदीपर्यंत नेले. त्याविरुद्ध 1934 च्या मे महिन्यात बार्मेनला जे जाहीरनामा घेऊन उभे राहिले ते थोडे होते. तो जाहीरनामा मुख्यतः ज्यांनी लिहिला त्या कार्ल बार्थ यांनी हिटलरच्या नावची बिनशर्त शपथ घ्यायला नकार दिला आणि बॉनच्या प्राध्यापकीवर पाणी सोडलं. पुढची गोष्ट जास्त लाजिरवाणी आहे. 1938 मध्ये, हिटलरच्या वाढदिवशी, चर्चच्या प्रशासनानंच पाळकांना हिटलरशी निष्ठेची शपथ घ्यायला सांगितलं. बहुतेकांनी घेतली. त्यानंतर नाझी पक्षाकडून बोर्मानचं पत्रक आलं : हा चर्चचा अंतर्गत मामला आहे, आम्हाला त्याचं काही महत्त्व नाही! ज्याच्यासाठी आत्मा गहाण टाकला त्याला तो नकोच होता.

म्हणून सांगतो, कापड कोपऱ्यात गप्प उभं असतं ते चांगल्या दिवसांत. वाईट दिवस आले की तेच विचारायला लागतं, तू कुणाचा? आणि त्या दिवशी ते आधीच वेदीपाशी पोचलेलं असतं.

"बरं, राष्ट्रध्वज नको, पण ख्रिस्ती झेंडा तर चालेल ना?" असं मला एका समजूतदार माणसानं विचारलं. माझ्या मते तो जास्त धोक्याचा. राष्ट्रध्वज आपली ओळख निदान लपवत नाही. ख्रिस्ती झेंडा मात्र श्रद्धेचाच एक देश करून टाकतो. देश झाला की सीमा आली, शत्रू आला, इमारतींवर हक्क सांगणं आलं. 2022 मध्ये बॉस्टनच्या सिटी हॉलच्या खांबावर हा झेंडा लावण्याचा खटला सर्वोच्च न्यायालयात जिंकला गेला. कायद्यानं तो निकाल बरोबरच असेल, इतरांचे झेंडे चालतात तर हा का नाही. पण त्याआधी 6 जानेवारी 2021 रोजी वॉशिंग्टनला संसदभवनावर चालून गेलेल्या गर्दीतही हाच झेंडा होता. ज्या क्रूसावर एका सत्तेनं आपल्या प्रभूला टांगलं, तो क्रूस काठीला बांधून आपण सत्तेच्या दारावर धडका द्यायच्या?

आता आपल्या लोकांना उद्देशून, जरा स्पष्ट. भारतात आपण मूठभर. "तुमची निष्ठा कुठे?" असं कुणी विचारलं की आपल्यातल्या काहींना वाटतं, झेंडा अजून थोडा आत आणावा, अजून थोडा मोठा करावा. लूथरन मंडळ्यांनी 1917 मध्ये हेच केलं. पण भीतीनं आणलेला झेंडा देशप्रेमाची खूण होत नाही, ती भीतीचीच खूण राहते. रेव्हरंड टिळकांनी देशावर कविता लिहिल्या आणि ख्रिस्तावर अभंग लिहिले, दोन्ही मनापासून. तुकोबांच्या वाटेनं ते ख्रिस्तापर्यंत आले. त्यांच्या देशभक्तीला वेदीपाशी काठी रोवायची गरज पडली नाही.

मग करायचं काय? सोपं आहे. पंधरा ऑगस्ट बघा. कॅथलिकांच्या दिनदर्शिकेत त्या दिवशी मरियामातेच्या स्वर्गोन्नयनाचा सण असतो. म्हणून अनेक धर्मग्रामांत आवारात झेंडावंदन आणि आत मिस्सा असं एकाच सकाळी होतं. बाहेर राष्ट्रगीत, आत प्रार्थना. त्या दोन्हींच्या मध्ये जो उंबरठा आहे तोच मला हवा आहे. गणनेच्या दुसऱ्या अध्यायातला नकाशा नेमका हाच. राज्यकर्त्यांसाठी आत प्रार्थना जरूर करावी, पौलानं तीमथ्याला तसं लिहिलंच आहे. ती झेंड्याशिवाय होते.

आणि मुलांना काहीतरी म्हणायला हवंच असेल, तर इसवी सन 112 च्या सुमारास प्लिनी या रोमन सुभेदारानं सम्राट ट्राजनला लिहिलेलं पत्र आठवावं. हे ख्रिस्ती लोक करतात तरी काय, याची त्यानं चौकशी केली होती. कळलं ते असं : ठरावीक दिवशी पहाटे जमतात, ख्रिस्ताला देव मानून गातात आणि शपथ घेतात. कसली? चोरी करणार नाही, दरोडा घालणार नाही, व्यभिचार करणार नाही, दिलेला शब्द मोडणार नाही, विश्वासानं ठेवायला दिलेली ठेव मागितली की नाकारणार नाही. सम्राटाच्या प्रतिमेपुढे धूप जाळायला मात्र खरे ख्रिस्ती तयार होत नाहीत, हेही त्याला कळलं होतं.

ही आपली सगळ्यात जुनी प्रतिज्ञा. शेजाऱ्याची ठेव परत करण्याची. ती म्हणणाऱ्या माणसांचा देशाला उपयोग जास्त की छातीवर हात ठेवून तीन झेंडे-प्रतिज्ञा पाठ म्हणणाऱ्यांचा, ते तुम्हीच ठरवा. प्रभूनं तर शपथाच नको म्हणून सांगितलं, हो म्हणजे हो आणि नाही म्हणजे नाही एवढं पुरे.

असो. लांबलं. ज्यांच्या चर्चमध्ये दोन झेंडे उभे आहेत त्यांनी पुढच्या सभेत एवढाच ठराव मांडावा : एक अंगणात, दुसरा कपाटात. किती मतं पडतात ते मला जरूर कळवा. भांडायचं असेल तर फोनही करा, रविवारी दुपारनंतर मी मोकळा असतो.